ऐकतानाचा चेहरा

"हा फोटो तुमच्या बहिणीचा आहे का?" असं त्या मुलीनं विचारलं, त्यात टोचून बोलण्याचा भाग अजिबात नव्हता. केसांत पेन्सिल खोवलेली ती मुलगी सकाळपासून त्या टेबलाशी बसून सिनेमात काम मागायला आलेल्या लोकांचे फोटो जमा करत होती, मागं नाव आणि उंची लिहिली आहे की नाही हे पाहत होती आणि वयानुसार तीन गठ्ठ्यांत लावत होती. तिला खरोखरच वाटलं होतं, की समोरची बाई बहिणीच्या वतीनं आली आहे. "नाही, माझाच आहे," असं उत्तर मिळाल्यावर मुलीनं फोटो थोडा लांब धरून पाहिला, मग समोर पाहिलं. "जुना असेल," ती म्हणाली. "आठ महिन्यांपूर्वीचा." मुलगी खुर्ची थोडी पुढं ओढून, मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "एक करा. नवा काढून आणा. पंधरा दिवस आहेत अजून. माणसं निवडतात त्या आमच्या मॅडम फोटो बघून बोलावतात, आणि दारातून दुसरंच माणूस आत आलं की त्यांचं मन उडतं. मग तुम्ही कितीही चांगलं काम करा." तिनं फोटो दोन्ही हातांनी परत दिला. इतक्या माणसांना नाही म्हणण्याची नोकरी करणाऱ्या त्या विशीतल्या मुलीनं एवढी माया कुठून शिल्लक ठेवली असेल, हा विचार जिना उतरताना त्या बाईच्या मनात आला. बिनपगारी रजेचं एक वर्ष, त्यातले चार महिने गेलेले. या चार महिन्यांत आपण निदान वीस टेबलांवर हा फोटो ठेवला. त्या विसांपैकी कुणीच काही विचारलं नव्हतं. कुणीच बोलावलंही नव्हतं.

ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि गेली एकोणीस वर्षं एका लहान गावातल्या कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार बोलेल ते त्याच्या वेगानं लघुलिपीत उतरवायचं आणि संध्याकाळपर्यंत स्वच्छ टाइप करून द्यायचं, असं तिचं काम. पहिल्याच आठवड्यात तिथल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कनं सांगितलं होतं, की साक्ष चालू असताना साक्षीदार सगळ्यांकडे बघतो, न्यायाधीशाकडे, वकिलाकडे, आणि शेवटी तुझ्याकडे, कारण सगळ्यांत जवळ तूच असतेस. तुझ्या चेहऱ्यावर त्याला काही दिसलं तर तो तसं बोलायला लागेल. तेव्हा तू भिंत आहेस असं समज. ती समजली. हळूहळू तिला ते इतकं छान जमायला लागलं, की वकील तिचं कौतुक करायचे. कुणी खोटं बोलत असे, कुणी रडत असे, एकदा एका आजींनी जळालेल्या घरातल्या वस्तू एकेक करून सांगितल्या, दाराच्या कडीपासून ते दूध मोजायच्या मापापर्यंत, आणि तिचा हात न अडखळता चालत राहिला. दिवसभर असा कुलूपबंद ठेवलेला चेहरा संध्याकाळी नाटकाच्या तालमीत मोकळा सुटायचा. शाळेच्या हॉलमध्ये गावातली हौशी मंडळी तालमी करायची. तिथं तिला सगळे स्टेनोच म्हणायचे. औषधाच्या दुकानातला माणूस तिचा नवरा व्हायचा, गणिताचे मास्तर तिचे वडील व्हायचे, आणि ती कधी राणी, कधी वेडी, कधी भांडकुदळ शेजारीण व्हायची. बाहेरून आलेल्या एका परीक्षकानं बक्षीस देताना म्हटलं होतं, की तुम्ही इथं काय करताय. हे वाक्य त्यानं प्रत्येक गावात एकदा तरी म्हटलं असणार, हे तिला कळत होतं. तरी ते मनातून जात नव्हतं.

ते मनातून गेलं नाही हे वहिनीला कळलं. दादाकडे ती राहायची. लग्न झालं नव्हतं, करायचं राहून गेलं होतं, आणि त्याचं कुणाला वाईट वाटण्याचं वयही आता मागं पडलं होतं. वहिनी स्वयंपाकघरात बोलायची आणि ती ऐकायची. वीस वर्षं हेच चाललं होतं. वहिनी म्हणायची, "तुझ्यापेक्षा आमचं कपाट जास्त बोलतं, दार तरी कुरकुरतं त्याचं." त्याच वहिनीनं एक दिवस हात पुसत पुसत सांगून टाकलं, की एक वर्षाची रजा काढ आणि शहरात जा. इथं राहिलीस तर साठाव्या वर्षी तू माझ्यावर चिडशील आणि मला कारणही कळणार नाही. दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "एक वर्ष. मग बघू." यापेक्षा लांब भाषण त्यानं स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं. मग फोटो हवा म्हणून वहिनीनंच तो काढला. गॅलरीत उभं केलं, स्वतःचा निळा स्वेटर तिला घातला, स्वतःची लिपस्टिक लावली, आणि म्हणाली, "हास. अशी नाही ग, जरा माझ्यासारखी हास." ती हसली. फोटो छान आला, सगळ्यांना आवडला. आता बस थांब्यावर बसून तिनं तो पाकिटातून काढला आणि त्या पेन्सिलवाल्या मुलीच्या डोळ्यांनी पाहिला. ओठांचा डावा कोपरा आधी वर जाणारा, हनुवटी पुढं काढून, जगाला या बसा म्हणणारा तो चेहरा वहिनीचा होता. नाक-डोळे तिचे, पण वागणूक सगळी वहिनीची. तिला हसू आलं. आयुष्यातला सगळ्यांत सफाईदार अभिनय आपण त्या गॅलरीत केला, कुणाच्याही लक्षात न येता, आणि तोच चार महिने आपल्या आड येत होता. मग मात्र तिला घाबरायला झालं. वहिनीचा चेहरा काढून ठेवला तर खाली काय आहे? राण्या, वेड्या, शेजारणी काढून ठेवल्या तर? भिंत काढून ठेवली तर? फोटोत काय द्यायचं हेच आपल्याला माहीत नाही, हे त्रेचाळिसाव्या वर्षी थांब्यावर बसून कळणं काही फार सोयीचं नव्हतं.

बायकांच्या वसतिगृहात ज्या खोलीत ती राहायची तिथं दुसरी खाट एका तेवीस वर्षांच्या मुलीची होती. ही मुलगी जाहिरातींत कामं करायची आणि मनानं इतकी मोकळी होती, की ओळख झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या छत्रीपासून आपल्या डॉक्टरांपर्यंत सगळं देऊ केलं होतं. फोटोचं ऐकताच ती उठून बसली. "ताई, तुम्ही आधी का नाही विचारलं? माझा फोटो ज्यांनी काढला त्यांच्याकडे जा. त्यांच्या फोटोनं मला पहिलं काम दिलं. मी नुसती मागनं गेले." त्या स्टुडिओत ती दुसऱ्याच दिवशी गेली. पांढऱ्या भिंती, काचेची दारं, कुठंतरी हळू आवाजात वाजणारं संगीत. स्टुडिओवाला पन्नाशीचा, नीटनेटका, अतिशय अदबशीर माणूस होता. तिच्या आधी एका तरुणाचं काम चालू होतं, ते त्यानं तिला बसून पाहू दिलं. तो दिवा बोटभर सरकवायचा आणि त्या तरुणाचा जबडा एकदम कोरल्यासारखा दिसायला लागायचा. कापड जरा खाली ओढायचा आणि डोळ्यांखालची झोप निघून जायची. कसबी माणूस आपल्या हातांवर किती विसंबून असतो हे तिला पाहायला नेहमीच आवडायचं, आणि ती पाहत राहिली. मग भिंतीवरचे फोटो पाहायला उठली. शंभरेक चेहरे असतील. सगळे तजेलदार, सगळ्यांच्या डोळ्यांत एकच गोल चकाकी, आरशात आरसा दिसावा तशी. तिसऱ्या रांगेतल्या एका सुंदर मुलीपाशी ती थबकली, पुढं गेली, आणि पाच-सहा फोटो ओलांडल्यावर मागं आली. ती तिच्या खोलीतली मुलगी होती. चार महिने दोन हातांच्या अंतरावर झोपणाऱ्या, तोंडात ब्रश धरून बोलणाऱ्या, हसताना नाक चोळणाऱ्या मुलीला तिनं ओळखलं नव्हतं. "तुमच्यावर काम करायला आवडेल मला," मागून स्टुडिओवाला म्हणाला. "हाडं चांगली आहेत. मी तुम्हाला दहा वर्षं मागं नेतो." तो फसवत नव्हता, त्याला ते करता येत होतं. शाम्पूच्या बाटलीशेजारी उभं राहायला असाच चेहरा लागतो आणि त्या मुलीला त्यानं तो दिला, तिचं भलं केलं. पण दहा वर्षं मागं जाऊन आपण तिथं काय करणार? तिथंही कोर्टच होतं. तिनं विचार करून सांगते म्हटलं, आणि त्यानं तिला दारापर्यंत सोडलं.

बाहेर कट्ट्यावर त्याचा मेकअप करणारा म्हातारा पाय सोडून बसला होता. तो म्हणाला, "नाही म्हणून आलात ना." तिनं विचार करणार आहे असं सांगितलं. "तेच ते," तो म्हणाला. मग एका कागदावर पत्ता लिहून दिला. "आमचे साहेब देवमाणूस आहेत, त्यांच्याविरुद्ध मी बोलत नाही. पण ज्यांच्या चेहऱ्यावर काही होऊन गेलंय त्यांनी या बाईंकडे जावं. माझं नाव सांगू नका. आम्ही तीन वर्षं बोलत नाही." का, असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला, "मी त्यांना एकदा म्हणालो, थोडी पावडर लावू द्या. त्यांनी मला जिन्यापर्यंत पोचवलं." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट अभिमानच होता, मोठ्या माणसाच्या हातचा मार खाल्ल्यासारखा.

बाथरूमच्या फरशा विकणाऱ्या एका दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, त्या बाईंची खोली होती. जिना अरुंद होता. दुसऱ्या मजल्यावर एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेतलेला एक टकला माणूस खाली येत होता. तिला वाट द्यायला तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, "सावकाश, पुढची पायरी तुटकी आहे," म्हणाला आणि गेला. वर दार उघडंच होतं. आत एक बिनहाताची खुर्ची, पांढऱ्या कापडाचा पडदा लावलेली मोठी खिडकी, उजेड परतवायला थर्माकोलच्या दोन शीट आणि चाकं असलेलं एक स्टूल. त्या स्टुलावर बसून, पायानं जमीन ढकलत, साठी ओलांडलेल्या एक बाई खोलीभर फिरत होत्या, कारण त्यांचा गुडघा वाकत नव्हता. "बघा, बघा. मी एवढं आवरते," त्या म्हणाल्या. भिंतीवर जेमतेम पंधरा फोटो होते. त्यांतल्या चौथ्यावर नजर पडली आणि तिनं हातानं दाराकडे खूण केली. "हे आत्ता जिन्यात भेटले." फोटोत त्या माणसाला भरपूर केस होते, दाढी होती, कोट होता. पण तुटक्या पायरीबद्दल सांगणारा माणूस तोच होता. त्याच्या भुवयांमध्ये दुसऱ्याच्या पडण्याची काळजी आधीपासूनच होती. "हो," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वीचा आहे. केस गेले, बाकी तसाच आहे. भाजी द्यायला येतो अधूनमधून."

तिथंच तिचं मन बसलं होतं, पण एकोणीस वर्षांच्या सवयीनं ती एका साक्षीवर निर्णय देणारी नव्हती. "तुम्ही ज्यांचे फोटो काढलेत त्यांच्यापैकी कुणाशी बोलता येईल का?" तिनं विचारलं आणि विचारल्यावर तिला संकोच वाटला. बाईंना मात्र तो प्रश्न फार आवडला. त्यांनी वहीतून तीन नंबर काढून दिले. "या तिसऱ्या बाईला आधी फोन करा. ती माझ्यावर नाराज आहे." तिनं खरंच खाली उतरून त्या तिसऱ्या बाईला फोन केला. पलीकडचा आवाज भारी होता, रंगमंचावर कमावलेला. "तिनं माझी मान जशी आहे तशी काढली," तो आवाज म्हणाला. "मी दोन महिने तो फोटो कुणाला दाखवला नाही. कपाटात तोंड खाली करून ठेवला होता."

"मग?"

"मग एक दिवस दाखवला. तेव्हापासून घरी बसलेले नाही."

"म्हणजे आता राग गेला?"

"छे. मान अजून आहे ना माझ्याकडे."

तिनं पुन्हा तीन मजले चढून दिवस ठरवला. बाईंनी सकाळी दहाची वेळ दिली, कारण त्या वेळी समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून येणारा उजेड खोलीत शिरतो आणि तो कुणालाही खडसावत नाही, असं त्या म्हणाल्या. काय घालू, असं तिनं विचारलं. "ज्यात तुम्हाला बसता येतं ते."

ठरलेल्या दिवशी पहिला अर्धा तास फुकट गेला. ती खुर्चीत बसली आणि तिच्या नकळत कारखाना सुरू झाला. तिनं डोळ्यांत थोडं दुःख आणलं, मग ते पुसून थोडी मिश्किली आणली, मग करारी झाली. बाई स्टूल सरकवत, फार न बोलता, मधूनमधून एखादा फोटो काढत होत्या. त्या कॅमेरा डोळ्याला लावायच्या तेव्हा श्वास सोडून थांबायच्या, आणि त्या थांबण्यात एवढी तयारी असायची, की फोटो निघाला नाही तर आपणच काहीतरी द्यायचं राहून गेलं असं समोरच्याला वाटावं. तिला ते वाटत होतं. ती आणखी देत होती. शेवटी बाईंनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "तुम्हाला पुष्कळ येतं," त्या म्हणाल्या, आणि त्यात उपहास नव्हता. "इथं येण्याआधी काय करत होतात?"

"कोर्टात स्टेनो होते. म्हणजे आहे अजून. रजेवर."

"म्हणजे काय करायचं असतं?"

"लोक बोलतात ते लिहून घ्यायचं."

बाईंनी पायानं जमीन ढकलली, कोपऱ्यातल्या टेबलावरून एक वही आणि पेन्सिल घेतली आणि तिच्या मांडीवर आणून ठेवली. "मी बोलते. घ्या लिहून. फोटोचं विसरा, तो माझा धंदा आहे." आणि त्या बोलायला लागल्या. पेन्सिल हातात आल्याबरोबर तिचे खांदे खाली आले, पाठ खुर्चीला टेकली, आणि ते तिला कळलंसुद्धा नाही. बाई सांगत होत्या, की तीस वर्षं त्यांचं पासपोर्ट फोटोंचं दुकान होतं. न हसणाऱ्या माणसांचीच त्यांना सवय. हसायचं नाही असा नियम, कान दिसले पाहिजेत असा नियम. एकदा परदेशी निघालेली एक नवी नवरी आली, तिला हसू आवरेना. अकरा फोटो फुकट गेले. शेवटी ती म्हणाली, न हसता मी कशी दिसते ते मला माहीतच नाही हो, भीती वाटते. लघुलिपीच्या रेघा वहीवर पळत होत्या. वाक्य संपलं की ती नजर वर करायची, पुढचं वाक्य घ्यायला, आणि परत खाली. बाईंचा आवाज एका पट्टीत होता. मधूनच कॅमेऱ्याचा खटका ऐकू यायचा, पण कोर्टात पंखा ऐकू यायचा तसा. "आणि एकदा," बाई म्हणाल्या, "दुपारी तीनच्या सुमाराला माझा नवरा दुकानात आला. गिऱ्हाइकासारखा समोर बसला. म्हणाला, पासपोर्टचा हवाय. चार प्रती. मला काहीच माहीत नव्हतं. कुठं निघालायस विचारलं तर म्हणाला, लांब. कुणाबरोबर ते मी विचारलं नाही, कारण तो नुकतीच दाढी करून आला होता. दुसऱ्या दुकानात जायचं तर त्याला दोन रस्ते ओलांडावे लागले असते. आमचंच जवळ पडत होतं." बाई थांबल्या. तिनं वर पाहिलं. "त्याची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. मी उठून ती सरळ केली. मग फोटो काढला. चांगला आला."

तिचा हात थांबला. एकोणीस वर्षांत तो चालू साक्षीत कधी थांबला नव्हता. खुनाच्या खटल्यात थांबला नव्हता, त्या आजींच्या जळक्या घरात थांबला नव्हता. शेवटची दोन वाक्यं कागदावर आलीच नव्हती. पेन्सिलीचं टोक कागदापासून वर उचललेलं राहिलं होतं आणि ती त्या बाईंकडे बघत होती. काय वाटतंय हे तिला सांगता आलं नसतं. ती दुमडलेली कॉलर तिला दिसत होती, तिच्यावर गेलेली बोटं दिसत होती, आणि ती बोटं या समोरच्या, कॅमेरा धरलेल्या, नखं बारीक कापलेल्या बोटांसारखीच होती. खटका वाजला. तो मात्र तिला ऐकू आला. "झालं," बाई म्हणाल्या.

"हे खरं आहे का?" तिनं थोड्या वेळानं विचारलं. बाई कॅमेऱ्याची टोपी लावत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साक्ष झाली. आता उलटतपासणी नको." मग त्यांनी दोघींसाठी चहा ठेवला. फोटो तिच्यासमोर टेबलावरच्या संगणकावर लावून दिले आणि स्वतः मुद्दाम खिडकीशी जाऊन बसल्या, तिला एकटीला बघता यावं म्हणून. सुरुवातीचे काही फोटो चांगले होते. करारी झाली होती त्यातल्या एकात तर हनुवटीखालची सैल कातडीसुद्धा दिसत नव्हती, आणि तिचं बोट त्यावर बराच वेळ रेंगाळलं. मग ती शेवटच्या फोटोपाशी आली. त्यातली बाई सुंदर नव्हती. कपाळावर आडवी आठी होती, ओठ किंचित उघडे होते, डोळ्यांखाली वय होतं. पण ती बाई ऐकत होती, आणि इतकी ऐकत होती, की तिच्यासमोर बसलेल्याला बोलताना अर्ध्यावर थांबता आलं नसतं. भिंत म्हणून जिला इतकी वर्षं बसवली होती, तीच ही. तिनं तेव्हाही हे सगळं ऐकलं होतं, एकेक शब्द, आणि चेहऱ्याच्या आत ठेवून दिलं होतं. ते कुठं गेलं नव्हतं. "हा," ती म्हणाली. बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही मानवाल्या बाईपेक्षा लवकर पोचलात," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी तिनं तो फोटो वहिनीला पाठवला. खोलीतल्या मुलीनं आधीच तो हातात घेऊन, नाक चोळत, "ताई, मला तुम्हाला सगळं सांगून टाकावंसं वाटतंय," असं म्हटलं होतं आणि लगेच आपल्या आईबद्दल काहीतरी सांगायलाही लागली होती. पण वहिनीचा फोन यायला वेळ लागला. आला तेव्हा वहिनी आधी काही बोललीच नाही, आणि हे इतकं नवीन होतं, की तिला वाटलं फोन कट झाला.

"कुणी काढला ग हा?"

"एक बाई आहेत. वयस्कर."

"त्यांना माझा नमस्कार सांग." मग ओट्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. "मी काढला होता तो काही खरा नव्हता, हो ना?"

"चांगला होता वहिनी तो."

"चांगला असेल. पण त्यात मीच होते. स्वेटरसकट." वहिनी हसली. "मी रोज बोलत बसायचे ना, ओट्याशी. वाटायचं, हिचं लक्ष आहे की नाही कोण जाणे, भिंतीशी बोलल्यासारखं बोलतेय. आज हा फोटो बघितला. अशी बघत होतीस होय माझ्याकडे." ती फोन कानाशी धरून ऐकत होती, आणि वहिनी पुढं दादाच्या खोकल्याबद्दल सांगायला लागली, नेहमीसारखं, पण सावकाश.

पेन्सिलवाल्या मुलीनं नवा फोटो घेतला, पाहिला आणि तिन्ही गठ्ठे सोडून स्वतःच्या डायरीत ठेवला. ज्या भूमिकेसाठी तो दिला होता ती दुसऱ्याच कुणाला मिळाली. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ती थोडी खचली, नाही असं नाही. मग एका सकाळी फोन आला, की दोन दिवसांचं काम आहे, चार वाक्यं आहेत, चालेल का. डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागं बसणाऱ्या कारकुनाचं काम. एक म्हातारा तिथं भावाची पिशवी शोधायला येतो आणि पिशवीचं वर्णन करता करता भावाबद्दल बोलायला लागतो. म्हाताऱ्याचं काम करणारा नट मोठा होता, त्याला ती लहानपणापासून पडद्यावर पाहत आली होती. पहिल्या दिवशी कॅमेरा त्याच्यावर होता. ती खिडकीमागं बसली होती, कॅमेऱ्यात नव्हती. ती उठून गेली असती आणि तिच्या जागी खुणेला एखादी काठी उभी केली असती तरी चाललं असतं, तशी पद्धतच होती. पण पहिल्यांदा ते बोलून झाल्यावर नटानं दिग्दर्शकाला जवळ बोलावलं आणि तो म्हणाला, "या बाईंना हलवू नका. मी यांच्याशीच बोलणार." मग ते भाषण त्यानं सात वेळा केलं. प्रत्येक वेळी पिशवी थोडी वेगळी असायची, एकदा तिचा बंद तुटका, एकदा ती शिवलेली, आणि प्रत्येक वेळी ती नव्यानं ऐकत होती, कारण तो नव्यानं सांगत होता. एवढ्या मोठ्या माणसाला अजून एवढं जीव तोडून काम करताना पाहून तिला भरून येत होतं. आपण योग्य ठिकाणी बसलो आहोत, असं तिला कोर्ट सुटल्यापासून पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅमेरा फिरवून तिच्यावर लावला. दिवे बदलले, खिडकीची काच पुसली. आता नटाचं काम संपलं होतं, तो घरी जाऊ शकत होता. त्याची वाक्यं कुणीही कागदावरून वाचून दाखवली असती. पण तो गेला नाही. कॅमेऱ्याशेजारी एक खुर्ची मागवून, तिला दिसेल अशा बेतानं बसला. पहिला शब्द उच्चारून पाहिला तर आवाज फाटला; काल दिवसभर बोलून त्याचा घसा पार बसला होता. त्यानं हातानंच, चालेल, चालेल, अशी खूण केली. सगळे शांत झाले. दिग्दर्शकानं खिडकीतून वाकून तिला विचारलं, "तुम्ही तयार आहात?"

"मी आहे," ती म्हणाली. "आधी त्यांना पाणी द्या."